काठी बलाबुश्काची, पैसे भलत्याचे

एका काठीचे दहा हजार डॉलर. म्हणजे कित्येक लाख रुपये. जॉर्ज बलाबुश्का नावाच्या माणसाने हाताने केलेली पूलची काठी अमेरिकेत विक्रीला आली की हा आकडा सहज गाठते, आणि चांगल्या अवस्थेतली असेल तर तो मागे टाकून पुढे जाते.

ही बातमी फोनवरून फिरत फिरत आपल्याकडे पोचली की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘लोकांना पैसा जड झालाय.’ दुसरी जरा धार्मिक सुरातली, ‘हा इस्राफ आहे, अल्लाहला उधळपट्टी आवडत नाही.’ तिसरी प्रतिक्रिया शौकिनांची. त्यांच्या मते या काठीत काही गूढ ताकद असते, ती हातात आली की चेंडू आपोआप भोकात जातो. मला तिन्ही मान्य नाहीत. पहिल्या दोघांना काठी कशी होते ते ठाऊक नाही, आणि तिसऱ्याला चेंडू कसा चालतो ते ठाऊक नाही.

आधी एक अडसर दूर करतो. ‘पूल म्हणजे जुगार, त्यावर सर कशाला लिहितायत?’ असं म्हणणारे भेटतातच. पैज लावून खेळणं हराम आहे, त्यावर माझा काही वाद नाही. पैज क्रिकेटवरही लागते, म्हणून बॅट करणारा सुतार गुन्हेगार ठरत नाही. शिवाय हा खेळ आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. पूलचा चुलतभाऊ स्नूकर जन्मला तो जबलपूरच्या लष्करी छावणीत, १८७५ मध्ये. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याच्या नावावर ते श्रेय जातं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सची हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा जिंकली. आणि मुंबईच्या यासिन मर्चंट यांनी आशियाई स्नूकरचं विजेतेपद दोनदा मिळवलं, १९८९ आणि २००१ मध्ये. तेव्हा काठी या विषयाशी आपलं अगदीच काही नातं नाही असं नाही.

आता शौकिनांकडे वळू, कारण त्यांचा दावा सगळ्यात ठिसूळ आहे. महाग काठीने खेळ सुधारतो का? स्कॉटलंडच्या स्टीफन हेंड्रीचं उदाहरण घ्या. १९९० ते १९९९ या काळात तो स्नूकरचा सात वेळा विश्वविजेता झाला. सातही वेळा हातात एकच काठी, पोरवयात घेतलेली, चाळीस पौंडांची. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली तेव्हा तो हळहळला, पण ती हळहळ किमतीची नव्हती. इतक्या वर्षांत हात तिला सरावला होता.

त्यात पदार्थविज्ञानाचीही भर घाला. काठीचं टोक चेंडूला टेकलेलं असतं ते सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरतं. धक्का मनगटापर्यंत पोचून मेंदूला कळेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणजे ‘काय सुंदर लागतो फटका’ असं खेळाडू म्हणतो, ती झालेल्या गोष्टीची खबर असते. चेंडूच्या मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला मारलं की चेंडू नेमलेल्या रेषेपासून थोडा सरकतो. हे सरकणं कमी करायचं तर काठीचं पुढचं टोक हलकं हवं. हे शोधून, मोजून, पुढचा दांडा आतून हलका करण्याचं काम १९९०च्या दशकात कारखान्यांनी केलं, आणि अलीकडच्या कार्बन फायबरच्या दांड्यांनी ते आणखी पुढे नेलं. कार्बन वाकत नाही, पावसाळ्यात फुगत नाही. केवळ अचूकपणाचाच हिशेब करायचा असेल तर कारखान्यातून घ्या आणि गप्प खेळा. बलाबुश्काची जुनी काठी त्या मोजमापात हरेल. हे मी मुद्दाम आधीच मान्य करतो, कारण हस्तकलेची बाजू घेणारे बरेच लोक इथे खोटं बोलतात, आणि त्या खोट्यामुळे खरी गोष्टही संशयित होते.

मग पैसे कशाचे?

पूलची काठी साधारण अठ्ठावन्न इंच लांब आणि अर्धा किलोच्या थोडी वर असते. मधोमध सांधा, तिथे आटे पाडलेले. दोन तुकडे उघडून पेटीत ठेवता येतात. पुढचा दांडा मेपलच्या लाकडाचा. मेपल हे अमेरिका-कॅनडातलं, थंड मुलखात हळूहळू वाढणारं झाड. जितकी सावकाश वाढ, तितकी वाढीची वर्तुळं दाट. दांडा घेताना जाणकार ती वर्तुळं जवळून निरखतात. रेषा टोकापासून सांध्यापर्यंत सरळ धावायला हव्यात. मध्येच बाहेर पडणारी रेषा म्हणजे उद्याचा बाक.

लाकूड चौकोनी कापून, लेथवर गोल करून, दांडा एका बैठकीत बारीक करत नाहीत. थोडं उतरवायचं आणि उभं टांगून ठेवायचं. लाकडाच्या पोटात ताण असतो. वरचा थर निघाला की तो ताण सुटतो आणि दांडा वळायला लागतो. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा चढवायचा, सरळ आहे का पाहायचं, पुन्हा थोडं उतरवायचं, पुन्हा टांगायचं. असं अनेक वेळा. काही कारागीर एका दांड्याला वर्षानुवर्षं देतात. वळलेले दांडे सरळ करत बसत नाहीत, बाजूला टाकतात. टोकाशी तेरा मिलिमीटरच्या आसपास जाडी उरेपर्यंत जो दांडा सरळ राहिला, त्याने आपण वळणार नाही हे सिद्ध केलेलं असतं. ही परीक्षा घाईत घेता येत नाही. पैसा टाकून लेथ वेगाने फिरवता येतो, पण लाकडाला लवकर शांत व्हायला लावता येत नाही.

(मी दोन भाषा शिकवतो, म्हणून इथे थोडं थांबावंसं वाटतं. लेथवर लाकूड उतरवणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात, उर्दूत खरादी. नव्या मुलांना दोन्ही शब्द माहीत नाहीत. ‘लेथवाला’ म्हणतात. ‘वाला’ जोडला की माणूस यंत्राच्या मागे जाऊन उभा राहतो.)

मागचा, हातात धरायचा भाग आणखी अवघड. त्यावर आबनुसाचे काळे, भाल्याच्या पात्यासारखे टोकदार आकार दिसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं रंगवले असतील. तसं नसतं. मेपलच्या गोल, निमुळत्या तुकड्याला लांबीने चार खाचा पाडतात, आतून व्ही आकाराच्या. खाचेत पातळ रंगीत लाकडाचे पापुद्रे बसवून त्यावर आबनुसाची चौकोनी पट्टी सरसाने चिकटवतात. या टप्प्याला तो तुकडा अत्यंत ओबडधोबड दिसतो, चार पंख फुटल्यासारखा. मग तो लेथवर चढतो. बाहेरचं लाकूड उतरत जातं आणि खाच व निमुळतेपणा जिथे भेटतात तिथे आपोआप टोक उमटतं. टोक कुणी कोरत नाही, ते भूमितीतून निघतं. चारपैकी एक खाच केसभर जास्त खोल गेली, किंवा तुकडा मध्यापासून केसभर सरकला, की एक टोक इतरांपेक्षा उंच जातं आणि ते लपवता येत नाही. चारी टोकं एका रेषेत आहेत का, हे पाहून जाणकार काठी हातातही न घेता कारागिराला जोखतो.

संगणकावर चालणारं यंत्रही असे आकार कोरून बसवू शकतं. पण फिरणाऱ्या पात्याला स्वतःची जाडी असते, म्हणून त्याने कोरलेल्या खाचेचं टोक किंचित गोलसर राहतं. सांध्यातून निघालेलं टोक सुईसारखं. यंत्राला मी शत्रू मानत नाही, कित्येक नामवंत काठीकार ते वापरतात आणि ते लपवत नाहीत. एवढंच म्हणतो की सुईसारखं टोक पाहताना आपण एका माणसाचा हात किती स्थिर होता ते पाहत असतो. त्याचे पैसे द्यावेसे वाटले तर त्यात वेडेपणा काय?

आता त्या माणसाबद्दल. जॉर्ज बलाबुश्का १९१२ मध्ये रशियात जन्मला आणि १९२४ मध्ये घरच्यांबरोबर न्यूयॉर्कला आला. निर्वासिताचं पोर, भाषा परकी, पोटाला सुतारकाम. एका अपघातात करवतीने त्याचं बोटही नेलं. १९५९ मध्ये त्याने भागीदारीत ब्रुकलिनला पूलचा अड्डा घेतला. तिथे मोडक्या काठ्या दुरुस्त करता करता दोस्तांना भेट म्हणून काही नव्या करून दिल्या. त्या काठ्या पाहून लोक विचारू लागले. १९७५च्या डिसेंबरात तो वारला, तोवर सोळा वर्षांत त्याच्या हातून हजार-बाराशे काठ्या झाल्या असाव्यात असा अंदाज आहे. म्हणजे आठवड्याला दीड. कारखाना नाही, जाहिरात नाही. आज त्याला काठ्यांचा स्ट्रॅडिव्हेरियस म्हणतात, त्या जुन्या इटालियन व्हायोलिन करणाऱ्याच्या नावावरून.

या कौतुकात एक गोष्ट मात्र सोयीने मागे पडते. त्या प्रसिद्ध टोकांचं सांधकाम बऱ्याचदा बलाबुश्काचं नव्हतंच. सुरुवातीला तो ब्रन्सविक कंपनीच्या तयार काठ्या घेऊन त्या नव्याने घडवायचा. नंतर शिकागोच्या बर्टन स्पेनकडून सांधलेले तुकडे घेऊ लागला आणि शेवटच्या वर्षांत पेनसिल्व्हेनियाच्या गस झांबोटीकडून. झांबोटी स्वतः थोर काठीकार, त्याच्या स्वतंत्र काठ्याही आज तशाच दुर्मीळ. स्पेनचं नाव मात्र संग्राहकांच्या गटाबाहेर कुणाला ठाऊक नाही. बलाबुश्काने हे लपवलं नव्हतं. एकमेकांचा माल घेणं ही धंद्याची रीत होती, आणि निवडणं, वजन तोलणं, सांधा बसवणं, शेवटची घडण ही कलाच आहे. पण बाजाराला एकच नाव पेलतं. एका नावाभोवती भाव चढतो आणि त्याच्या शेजारी उभा असलेला हात अंधारात जातो.

१९८६ मध्ये ‘द कलर ऑफ मनी’ नावाचा सिनेमा आला. त्यात पॉल न्यूमन टॉम क्रूझला एक बलाबुश्का भेट देतो, आणि पूलचं टेबल आयुष्यात न पाहिलेल्या लोकांनाही ते नाव पाठ झालं. पडद्यावरची काठी खरी बलाबुश्का नव्हती. जॉस या कंपनीने केलेली, तशी दिसणारी काठी होती. मला यात गंमत वाटते ती अशी की करोडो लोकांना बलाबुश्काचं वेड ज्या काठीने लावलं ती दुसऱ्याच कारागिराच्या हातची, आणि त्या कारागिराला ओळखणारे शंभरात दोन नसतील.

सिनेमा आला तेव्हा बलाबुश्काला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर भाव चढला, चढतच गेला. हयातीत त्याला एका काठीचे जे मिळाले ते आजच्या मानाने किरकोळ. मधली सगळी रक्कम गेली ती ज्यांनी काठी कपाटात ठेवून वाट पाहिली त्यांच्या खिशात. माझी तक्रार इथे आहे. काठी महाग आहे याची नाही. ती महाग झाली तेव्हा करणारा मातीखाली होता, याची आहे. ‘कलेची कदर’ हा शब्द या व्यवहाराला लावू नका. ही मालाची साठवणूक आहे, कांदा-डाळीची असते तशी, फक्त काचेच्या कपाटात. खेळण्यासाठी केलेल्या काठीला खडू लागू द्यायचा नाही, चामड्याची टिकली झिजू द्यायची नाही, कारण झिजली की भाव पडतो. ज्या हाताच्या मापाने ती केली होती तो हात गेला, आणि नव्या मालकाला हात लावायची भीती.

कदर कशी दिसते ते पाहायचं तर लास वेगासच्या साउथ वेस्ट या छोट्या कारखान्याकडे पाहा. जेरी फ्रँकलिन यांनी तो उभा केला, १९९६ मध्ये ते वारले आणि पत्नी लॉरी यांनी काम पुढे चालू ठेवलं. तिथे काठीची मागणी नोंदवली की दहा वर्षांहून जास्त थांबावं लागायचं. दहा वर्षं! आपल्याकडे शिंपी ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत कपडे देत नाही म्हणून आपण त्याला झोपेतून उठवतो. ते लोक थांबले, आणि जिवंत कारागिराला पैसे देण्यासाठी थांबले. त्या रांगेतल्या गिऱ्हाइकाला माझा सलाम आहे. लिलावातल्या गिऱ्हाइकाला नाही.

या शौकाची एक बाजू काळी आहे आणि ती मी झाकणार नाही. जुन्या नामी काठ्यांच्या सांध्यात, टोपणात, नक्षीत हस्तिदंत असे. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, आणि अमेरिकेत २०१६ पासून देशांतर्गत विक्रीवरही कडक निर्बंध आले. त्यावर काही संग्राहक अजून रडतात, की हस्तिदंताच्या सांध्याचा ‘आवाज’ वेगळा. असेल. तेवढ्या आवाजासाठी हत्ती मारणं हे कुठल्याच हुनराला शोभत नाही. मागच्या भागात वापरलं जाणारं आणखी एक लाडकं लाकूड म्हणजे आपलं शिसवी, सह्याद्रीच्या जंगलातही वाढणारं. त्या जातीच्या जवळपास सगळ्या लाकडांच्या व्यापाराला २०१७ पासून आंतरराष्ट्रीय परवान्याची अट लागली. चांगला कारागीर त्याला नाइलाज न म्हणता दुसरं लाकूड शोधतो.

आता इस्राफवाल्या मंडळींकडे येतो. त्यांना मी पहिल्यापासून राखून ठेवलं होतं.

गरज नसताना खर्च तो इस्राफ, ही व्याख्या मला मान्य आहे. पण हा फतवा कधी सुटतो ते पाहिलंय का? कारागिराचा दाम वाढला की. लाखभर रुपयांचा फोन दोन वर्षांनी बदलताना हा शब्द कुणाच्या ओठावर येत नाही. दुकानातल्या छापील किमतीपुढे आपण मान झुकवतो, आणि दारात आलेल्या पिंजाऱ्याशी गादीच्या शंभर रुपयांवरून घासाघीस करतो. सुताराने तीन दिवस सांगितले आणि पाच घेतले तर मजुरी कापतो. लाकूड ओलं निघालं, ते वळेल म्हणून तो थांबला, हे ऐकून घ्यायला आपल्याला वेळ नाही.

शाळेच्या प्रवेश अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ अशी ओळ असते. वेल्डर, पॉलिशवाला, जरीकाम करणारा, गॅरेजमधला मेकॅनिक, सगळ्यांची मुलं तिथे ‘मजुरी’ लिहितात. मुलं खोटं बोलत नाहीत. घरात जे ऐकतात तेच लिहितात. त्यांच्या घरात हे कुणी शिकवलं? आपणच. रिश्ता बघायला गेलेल्या मंडळींना मुलगा ‘मिस्त्री आहे’ असं सांगून पाहा आणि चहाच्या कपांचा आवाज ऐका. हीच मंडळी जुम्याच्या बयानात ऐकून आलेली असतात की हजरत दाऊद स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत, चिलखतं करत, आणि हजरत झकरिया सुतार होते. नबी सुतार चालतो. जावई सुतार चालत नाही.

याचा उलटा अर्थ काढू नका. मुलांनी नववीतून उठून बापाच्या लेथवर उभं राहावं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्या, ‘तुमच्या लोकांच्या हातात कला आहे हो’ अशी गोड थाप पाठीवर मारणाऱ्या बाहेरच्यांचाही मला तितकाच राग आहे. ती थाप म्हणजे ‘तुम्ही तिथेच राहा’ याचं सौजन्यपूर्ण रूप. व्ही आकाराची खाच आणि निमुळता दांडा कुठे भेटतील हे दहावीच्या भूमितीत मांडता येतं. ज्याला ते कागदावर मांडता येतं आणि लाकडातही काढता येतं, त्याला स्वतःच्या कामाचा दर सांगता येतो. दर सांगता न येणारा कारागीर आयुष्यभर दुसऱ्याच्या कपाटात माल भरत राहतो, इथेही आणि ब्रुकलिनलाही.

बलाबुश्काच्या अनेक काठ्यांवर त्याची सही आहे. त्या सहीमुळे तरी नाव राहिलं, पैसे नाही राहिले तरी. गेल्या महिन्यात आमच्या घरी पुस्तकांचं कपाट करायला सुतार आला होता. सात दिवस लागले, सगळे सांधे खाचेचे, एकही खिळा नाही. काम संपल्यावर मी त्याला आतल्या फळीच्या खाली नाव लिहायला सांगितलं. तो हसला, कानामागची पेन्सिल काढली आणि मोबाइल नंबर लिहिला. नाव त्याच्या खाली मी पुन्हा विचारून लिहून घेतलं.